तप्त एंजिनाचा प्रारंभ-अवरोध : कारणमीमांसा आणि निदानाची तर्कपद्धती

सकाळी थंड स्थितीत सहज सुरू होणारी मोटारगाडी तास-दीड तास धावून थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करू गेल्यास सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, क्वचित एखादा स्फोट होऊन विरतो, आणि पुष्कळ खटाटोपानंतर, किंवा काहीही न करता अर्ध्यापाऊण तासाने, एंजिन पूर्ववत् चालू लागते. हा अनुभव मोटार वापरणाऱ्यांना नवा नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. एक प्रश्न उष्णतेच्या भौतिक परिणामांचा आहे. दुसरा प्रश्न अनुमानाचा आहे: जो दोष काही मिनिटेच टिकतो आणि आपोआप नाहीसा होतो, त्याचे कारण निश्चित कसे करावयाचे? पहिल्या प्रश्नाची उत्तरे पाठ्यपुस्तकांत विखुरलेली आढळतात. दुसऱ्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. त्यामुळे कॉइल, पंप, कार्ब्युरेटर असे भाग एकामागून एक बदलले जातात, खर्च वाढत जातो आणि दोष कायम राहतो. म्हणून येथे दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केला आहे.

विवेचनासाठी कार्ब्युरेटर असलेले पेट्रोल एंजिन घेतले आहे. १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन असलेली अँबॅसेडर, १०८९ घन सेंटिमीटरची प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० यांच्या द्वारे हा प्रकार भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ प्रचारात होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनी २०२३ पर्यंत टिकून होती. अशा गाड्या अद्यापि जतन केल्या जातात व चालविल्या जातात. इंधन-अंतःक्षेपण पद्धतीच्या गाड्यांचा विचार स्वतंत्रपणे शेवटी केला आहे.

१. बंद केलेले एंजिन लगेच थंड होत नाही

एंजिन बंद केल्याक्षणी ते थंड होऊ लागते, अशी सर्वसाधारण समजूत असते. एंजिनाच्या बाह्यांगांच्या बाबतीत ती चुकीची आहे. एंजिन चालू असताना शीतक पाणी सुमारे ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर फिरत असते, पंख्याची व गाडीच्या वेगाची हवा बॉनेटखालून वाहत असते, आणि टाकीतून येणारे तुलनेने थंड पेट्रोल पंपातून व कार्ब्युरेटरमधून सतत जात असते. एंजिन बंद होताच हे तिन्ही प्रवाह एकदम थांबतात. निष्कासनलिका मात्र त्या वेळी कित्येक शे अंशांपर्यंत तप्त असते. तिच्यातील व सिलिंडर-शीर्षातील साठलेली उष्णता आता बाहेर वाहून नेणारे कोणी उरत नाही; ती कार्ब्युरेटर, पंप, कॉइल आणि स्टार्टर यांच्यात शिरते. या भागांचे तपमान त्यामुळे एंजिन बंद झाल्यावर काही काळ चढत जाते, सामान्यतः १० ते ३० मिनिटांच्या दरम्यान शिखरावर पोहोचते आणि मग सावकाश उतरते.

अँबॅसेडरसारख्या एंजिनात अंतर्ग्रहणनलिका व निष्कासनलिका एकाच बाजूस असतात. तेथे कार्ब्युरेटर जवळजवळ चुलीवरच ठेवलेला असतो, असे म्हणावयास हरकत नाही. यावरून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. जो दोष एंजिन बंद केल्यावर लगेच, म्हणजे एक-दोन मिनिटांत, दिसत नाही, परंतु पंधरा मिनिटांनी दिसतो, तो या साठलेल्या उष्णतेशी संबंधित असण्याचा संभव मोठा. जो दोष तत्काळही दिसतो, त्याचे कारण बहुधा अन्यत्र शोधावे लागते. म्हणजे निदानाचे पहिले साधन कोणतेही यंत्र नसून घड्याळ होय.

२. प्रारंभाच्या चार अटी

कोणतेही पेट्रोल एंजिन सुरू होण्यास चार गोष्टी आवश्यक असतात : पुरेशा वेगाने फिरणे, योग्य वेळी पुरेशी ठिणगी, ज्वलनक्षम मिश्रण आणि पुरेसे संपीडन. उष्णता या चारहींवर परिणाम करते. पण निरोगी एंजिनात प्रत्येक अटीच्या बाबतीत काही राखीव मर्यादा शिल्लक असते. उष्णता ती मर्यादा थोडी कमी करते, संपवीत नाही. दोष असतो तो ज्या ठिकाणी ही राखीव मर्यादा आधीच खर्च होऊन गेलेली असते त्या ठिकाणी. हा भेद महत्त्वाचा आहे. ‘उष्णतेमुळे गाडी सुरू होत नाही’ हे विधान असत्य नाही, पण ते निदानही नव्हे. कारण तीच उष्णता शेजारच्या निर्दोष गाडीलाही सोसावी लागतेच.

३. मिश्रणाचे दोन परस्परविरुद्ध दोष

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्याचे उकळणे सुमारे ३५ अंशांस सुरू होते व २०० अंशांच्या आसपास संपते. कार्ब्युरेटरच्या पात्राचे तपमान बंद गाडीत ७० अंशांपर्यंत चढले, तर पेट्रोलातील हलके घटक उकळू लागतात हे उघड आहे. यातून तीन भिन्न अवस्था उत्पन्न होऊ शकतात.

पहिली अवस्था अतिसमृद्ध मिश्रणाची. पात्रातील बुडबुडे द्रव पेट्रोलाला जेटमधून वर ढकलतात आणि ते अंतर्ग्रहणनलिकेत ठिबकते. पेट्रोलाची वाफ हवेत आकारमानाने सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेट घेते. नलिकेत पेट्रोल साचून वाफेचे प्रमाण वरच्या मर्यादेपलीकडे गेले की ठिणगी उत्तम असूनही ज्वलन होत नाही. कारागीर यालाच ‘ओव्हरफ्लो झाला’ असे म्हणतात. पात्राची सुई-झडप झिजली असेल किंवा तरंड्याची पातळी जास्त असेल, तर हा दोष अधिक तीव्र होतो.

दुसरी अवस्था याच्या अगदी उलट, म्हणजे अतिविरल मिश्रणाची. पंपात किंवा नळीत वाफ साचली की पडदा-पंपाचा प्रत्येक ठोका द्रव पुढे ढकलण्याऐवजी ती वाफच दाबतो व सोडतो. वाफ संकोच पावते, पुन्हा प्रसरण पावते, आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. या प्रकारास बाष्परोध म्हणता येईल. तो गाडी थांबल्यावरच होतो असे नाही. घाटात किंवा दाट वाहतुकीत संथ चालतानाही होतो.

तिसरी अवस्था रिकाम्या पात्राची. पात्रातील पेट्रोल उकळून गेलेले असते, पण पंप ठीक असतो. अशा वेळी पात्र पुन्हा भरेपर्यंत स्टार्टर अधिक काळ फिरवावा लागतो, आणि मग एंजिन चालू होते व चालू राहते.

पहिल्या दोन अवस्थांवरचे उपाय परस्परविरोधी आहेत, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. समृद्ध अवस्थेत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्थिर धरावयाचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त हवा जाऊन नलिका धुतली जाते. तो पुनःपुन्हा दाबल्यास त्वरण-पंप आणखी पेट्रोल फवारतो आणि स्थिती बिघडते. चोक ओढणे तर अशा वेळी सर्वस्वी अनिष्ट. उलट विरल अवस्थेत नुसती अधिक हवा देऊन काहीच साधत नाही. दोन्ही अवस्थांत बाह्य लक्षण मात्र एकच असते : एंजिन फिरते, पेटत नाही. भेद करावयाचा तो पुढील चिन्हांवरून. स्पार्क प्लग काढून पाहिल्यास समृद्ध अवस्थेत तो ओला आढळतो व पेट्रोलाचा वास स्पष्ट येतो. एंजिन अखेर सुरू झाले की काळा धूर निघतो. विरल अवस्थेत प्लग कोरडा असतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहून अॅक्सिलरेटर हलविल्यास त्वरण-पंपाची धार दिसत नाही. मात्र ही धार पाहताना प्रज्वलन बंद असावे व जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी.

या प्रवृत्तीवर स्थळाचा व इंधनाचाही परिणाम होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे पेट्रोल तेथे कमी तपमानावर उकळते, आणि एंजिन तर घाट चढून आल्यामुळे अधिकच तप्त असते. इथेनॉलच्या बाबतीत गोष्ट काहीशी अनपेक्षित आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांस उकळते व त्याचा बाष्पदाब पेट्रोलापेक्षा कमी असतो. तथापि पेट्रोलात त्याचे १० टक्क्यांच्या आसपास मिश्रण केल्यास मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलापेक्षा वाढतो. इथेनॉलचे रेणू हायड्रोकार्बनांच्या सान्निध्यात परस्परांपासून सुटे होतात आणि मिश्रण आदर्श द्रावणाच्या नियमाप्रमाणे वागत नाही, हे त्याचे कारण. भारतात २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलाची विक्री २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जुन्या गाडीत पूर्वी नसलेला दोष अलीकडे दिसू लागला असेल, तर ही बाब विचारात घ्यावी लागेल. जुन्या पंपाचा रबरी पडदा व नळ्या अशा मिश्रणाने खराब झाल्या आहेत काय, हेही पाहावे लागेल.

४. ठिणगी, स्टार्टर आणि संपीडन

तांब्याचा विद्युत् रोध दर अंशास सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध २० अंशांस ३ ओहम असेल, तर १०० अंशांस तो सुमारे ३.९ ओहम होतो. १२ व्होल्टला मिळणारा ४ अँपिअरचा प्रवाह ३.०५ अँपिअरवर येतो. आणि वेटोळ्यात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती मूळच्या सुमारे ५८ टक्केच उरते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा दाब ९.५ व्होल्टपर्यंत उतरला, तर हेच प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवर येते. निर्दोष कॉइल एवढी घट सोसते. परंतु दुय्यम वेटोळ्याचे विसंवाहन दुबळे झाले असेल, पॉइंट जळले असतील, किंवा कंडेन्सर तप्त झाल्यावर गळू लागत असेल, तर उरलेली राखीव मर्यादा पुरत नाही. याचे चिन्ह म्हणजे दोषकाली ठिणगी नाहीशी होणे, किंवा निळ्या-पांढऱ्याऐवजी पिवळट व क्षीण दिसणे. ठिणगी पाहावयाची ती कार्ब्युरेटरपासून दूर, आणि पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करूनच.

स्टार्टरचा दोष ओळखणे सर्वांत सोपे, कारण तो कानांना ऐकू येतो. एंजिन थंड असताना जोमाने फिरते व तप्त असताना जड फिरते. येथेही तांब्याचा वाढता रोध कारणीभूत असतो. परंतु पुष्कळदा दोष तारांच्या सांध्यांत निघतो. १५० अँपिअर प्रवाह वाहत असताना ०.०१ ओहम एवढा क्षुल्लक रोधही १.५ व्होल्ट गिळंकृत करतो. यासाठी स्टार्टर फिरत असताना प्रत्येक तारेच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास ती तार व तिचे सांधे प्रथम दुरुस्त करावे. एंजिन आणि चेसिस यांना जोडणारी पट्टी या तपासणीतून सुटू नये.

जड फिरण्याचे आणखी एक कारण प्रज्वलन फार अगोदर होणे हे आहे. तप्त सिलिंडरात मिश्रण चटकन पेट घेते व दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच त्यास मागे रेटते. येथे एक सुलभ कसोटी आहे : कॉइलची मध्य तार काढून ती एंजिनाच्या धातूस जोडावी आणि स्टार्टर फिरवावा. एंजिन आता मोकळेपणाने फिरू लागले, तर दोष स्टार्टरचा नसून प्रज्वलनकालाचा होय. ही कसोटी न केल्यामुळे चांगला स्टार्टर बदलला जाण्याचा संभव असतो.

संपीडनाचा विचार क्वचित करावा लागतो, पण तो वगळता येत नाही. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी झडप तिच्या परिसरापेक्षा १०० अंशांनी अधिक तापली, तर ती सुमारे ०.१२ मिलिमीटर लांब होते. झडपेची मोकळीक मुळातच कमी ठेवलेली असेल, तर तप्त स्थितीत ती पूर्ण मिटत नाही. थंड व तप्त अशा दोन्ही स्थितींत संपीडन मोजून तुलना केल्यास याचा निर्णय होतो.

५. काकतालीय न्याय आणि निदान

कारणे इतकी असल्यामुळे निदान अवघड होते, हे खरे. पण ते चुकते ते मुख्यतः दुसऱ्याच कारणामुळे. हा दोष आपोआप बरा होणारा आहे. गाडी सुमारे २५ मिनिटांनी काही न करताही सुरू होणार असेल, तर पंधराव्या मिनिटास पंपावर ओले फडके टाकणारा चालक पंचविसाव्या मिनिटास फडक्याची प्रशंसा करतो. त्याच वेळी कोणी कॉइल बदलली तर नवी कॉइल श्रेय घेते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडावी, तसाच हा प्रकार. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा अडते तेव्हा ‘नवा भागही खराब निघाला’ असा दुसरा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. दुसरी अडचण अशी की, गाडी ओढत मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते, आणि थंड गाडीत दोषच नसतो. म्हणजे पुरावा उपलब्ध असतो तेव्हा परीक्षक नसतो, आणि परीक्षक येतो तेव्हा पुरावा नाहीसा झालेला असतो.

भारतीय तर्कपरंपरेत कारणनिश्चयासाठी अन्वय आणि व्यतिरेक सांगितले आहेत. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कग्रंथात जवळपास याच स्वरूपाच्या पद्धती मांडल्या, आणि त्यांत सहचारी परिवर्तनाचीही भर घातली. प्रस्तुत प्रश्नास त्या पुढीलप्रमाणे लागू करता येतात.

प्रथम, काहीही न करता दोषाचा स्वाभाविक काल मोजावा. गाडी ठराविक अंतर चालवावी, थांबवावी, आणि ५, १५, २५ व ४० मिनिटांनी सुरू करून पाहावी. प्रत्येक कालावधीसाठी गाडी पुन्हा तापवून स्वतंत्र प्रयोग करावा. कारण मधला एक प्रयत्नही पात्रातील पेट्रोलाची व बॅटरीची स्थिती बदलून टाकतो. ही नोंद कंटाळवाणी असते, पण तिच्याशिवाय कोणत्याही उपायाचे मूल्यमापन अशक्य आहे.

दुसरे, कसोटी दोषकालीच व तत्काळ फल देणारी असावी. बाराव्या मिनिटास एंजिन पेटत नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरताच काही सेकंदांत पेटते, आणि हे तीनदा घडते. येथे काळाच्या ओघास श्रेय देता येत नाही. समृद्ध मिश्रणाचा पक्ष यामुळे बळकट होतो. याउलट ओल्या फडक्याचा परिणाम दहा मिनिटांनी दिसत असेल, तर स्वाभाविक कालाशी तुलना करणे अवश्य आहे. पंचविसाव्या मिनिटाऐवजी गाडी वारंवार चौदाव्या मिनिटास सुरू होत असेल, तरच त्यास अर्थ आहे. तेव्हाही फडक्याने पंपाबरोबर त्याचा परिसरही थंड झाला, हे विसरता कामा नये. निष्कर्ष त्या भागापुरता नसून त्या प्रदेशापुरता असतो. तप्त बिडाच्या निष्कासनलिकेवर थंड पाणी पडल्यास तिला तडा जाऊ शकतो, म्हणून ही कसोटी जपून करावी.

तिसरे, शक्य तेथे उलट कसोटी घ्यावी. एंजिन थंड असताना केवळ कॉइल बाहेरून केस वाळविण्याच्या यंत्राने तापवावी. इतर सर्व परिस्थिती तशीच असून ठिणगी नाहीशी झाली, तर कॉइलचा दोष जवळजवळ सिद्ध होतो. दोष नाहीसा करून दाखविण्यापेक्षा तो इच्छेनुसार उत्पन्न करून दाखविणे हा अधिक सबळ पुरावा होय. कारण दोष स्वतःहून जातो, पण थंड एंजिनात तो स्वतःहून येत नाही.

चौथे, कसोट्यांचा क्रम त्यांच्या खर्चावरून व भेदक्षमतेवरून ठरवावा. स्टार्टरचा आवाज ऐकणे, प्लग ओला की कोरडा हे पाहणे आणि ठिणगी तपासणे, या तीन गोष्टी दहा मिनिटांत होतात आणि चार अटींपैकी दोष कोणत्या अटीत आहे हे बहुधा सांगतात. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये विश्रांती द्यावी. एरवी तपासणीमुळेच तो तापून नवा दोष निर्माण होतो.

६. इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्या

इंधन-अंतःक्षेपण पद्धतीत पेट्रोल सुमारे ३ वातावरणे इतक्या दाबाखाली असते, त्यामुळे त्याचा उकळबिंदू वाढतो व बाष्परोध सहसा होत नाही. तथापि एंजिन बंद झाल्यावर हा दाब टिकला तरच संरक्षण मिळते. पंपातील एकमार्गी झडप गळत असेल तर दाब उतरतो आणि नळीत वाफ होते. अंतःक्षेपक गळत असेल तर दाबही उतरतो व नलिकेत पेट्रोलही साचते. पुन्हा तेच दोन विरुद्ध दोष नव्या वेषात येतात. दाबमापक लावून बंद अवस्थेतील उतार पाहिल्यास गळती आहे की नाही हे कळते.

दोन संवेदकही विचारात घ्यावे लागतात. शीतकाच्या तपमान-संवेदकाचा रोध तपमान वाढता कमी होतो. त्याच्या सांध्यात गंज चढून अधिक रोध आला, तर नियंत्रकास तप्त एंजिन थंड भासते व तो अधिक पेट्रोल सोडतो. भुजादंडाचा स्थान-संवेदक तापल्यावर त्याच्या वेटोळ्यात खंड पडला, तर ठिणगी व इंधन ही दोन्ही एकाच वेळी बंद होतात आणि थंड होताच परत येतात. दोन्ही अटी एकदम नाहीशा होणे, हेच येथे भेदक चिन्ह होय. दोन स्वतंत्र भाग एकाच क्षणी बिघडले असे मानण्यापेक्षा त्यांचे समान कारण शोधणे अधिक युक्त.

सारांश

तप्त एंजिन सुरू न होणे हा एक दोष नसून अनेक दोषांचे समान लक्षण आहे. उष्णता हे त्या सर्वांचे निमित्त असते. कारण असते ते एखाद्या भागाची संपलेली राखीव मर्यादा. लक्षण क्षणिक असल्यामुळे पुरावा दोषकालीच गोळा करावा लागतो, आणि ते आपोआप बरे होत असल्यामुळे प्रत्येक यशस्वी उपायाकडे संशयानेच पाहावे लागते. या गोष्टीला व्यावहारिक महत्त्वही आहे. गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्री नसलेला टॅक्सीचालक थांब्यावर एंजिन बंदच करीत नाही. त्याचे पेट्रोल जळते, एंजिन आणखी तापते आणि दोष वाढतो. एका दुपारची पद्धतशीर नोंद त्यास या चक्रातून सोडवू शकते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता, प्रयोगशाळेत शिकविली जाणारी तुलना-प्रयोगाची शिस्त बॉनेटखालीही तितक्याच काटेकोरपणे पाळावी लागते, हे दाखविणारे याहून सुलभ उदाहरण क्वचितच सापडेल.